डब्यातली अनोळखी, जड शिशाची बुलेट कशी ओळखायची : वजन सर्वात शेवटी

‘वजन केलं, २०० ग्रेन भरलं, म्हणजे ही .३८ची जड बुलेट.’ इकडे अमेरिकेत रीलोडिंग, म्हणजे घरी काडतुसं भरायचा छंद, करणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की शेवटी हा लेख लिहायला बसलो. गन शोच्या टेबलावर, कुणाच्या गॅरेज सेलमध्ये, क्लबातल्या एखाद्या वयस्कर सभासदाच्या सामानात कॉफीचा डबा मिळतो. आत आठ-दहा पौंड ओतीव बुलेट असतात, वर मास्किंग टेप, त्यावर पेनाने ‘३८ हेवी’. स्वस्त मिळतो म्हणून आपण घेतो, घरी आणून थेट तराजूवर ठेवतो आणि आकडा आला की मॅन्युअल उघडतो. चूक तिथेच होते.

मी असाच एक डबा घेतला होता. वीस बुलेट मोजल्या, सगळ्या १९७ ते २०३ ग्रेनच्या आत. एकाच साच्यातल्या असणार असं वाटलं. नीट मोजमाप केल्यावर त्यातून तीन वेगळ्या जातींच्या बुलेट निघाल्या. एक .३८ स्पेशलची जुन्या पद्धतीची गोल टोकाची, दुसरी .३५ कॅलिबरच्या रायफलची, आणि तिसरी .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) या जुन्या, जाड काडतुसाची. वजन तिघींचं एकच. तिन्ही एकाच डेटाने भरल्या असत्या, तर एक नळीतून वेडीवाकडी गेली असती आणि एक चेंबरमध्ये शिरलीच नसती, किंवा जोर करून शिरवली गेली असती.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच ठरवून घेऊ. या लेखात ‘बुलेट’ म्हणजे फक्त पुढचा शिशाचा भाग. ‘पुंगळी’ म्हणजे पितळी केस. सगळं मिळून होतं ते ‘काडतूस’. ते बंदुकीत जिथे बसतं ती जागा ‘चेंबर’. ‘डेटा’ म्हणजे मॅन्युअलमधलं पावडरचं माप. ‘ग्रेन’ हे वजनाचं एकक, एका ग्रॅममध्ये साधारण पंधरा. आणि .३८सारखा आकडा म्हणजे कॅलिबर, इंचातला ढोबळ व्यास. पावडर किती घालायची याचा एकही आकडा इथे नाही. तो बुलेटची ओळख पटल्यावर छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचा असतो.

सुरू करण्याआधी

पहिली गोष्ट कायद्याची. हा लेख अमेरिकेत कायदेशीरपणे हा छंद करणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री येते. परवान्याशिवाय तिथे यातलं काहीही करायचं नाही. आणि भारतात जाताना नेमबाजीच्या रेंजला वापरलेली बॅग प्रवासाला घ्यायची नाही. घेतलीच तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूससुद्धा विमानतळावर मोठं संकट होतं.

दुसरी गोष्ट शिशाची. जुन्या बुलेटवर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाच्या गंजाची असते. ती सहज उडते, श्वासातून आणि हातातून पोटात जाते. नायट्राइलचे हातमोजे घाला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरा आणि काम झाल्यावर ते घडी करून टाका. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. चहाचा कप त्या खोलीत नको. हे काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तर कधीच नको, आणि घरात लहान मूल असेल तर कपडेसुद्धा वेगळे धुवा. मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ साली लक्ष देण्याची पातळी ५वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. म्हणजे फार थोडं शिसंही दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

सामान

व्हर्नियर कॅलिपर लांबीसाठी पुरतो, व्यासासाठी पुरत नाही. व्यासाला ०.०००१ इंचापर्यंत वाचता येणारा मायक्रोमीटर लागतो. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना ‘थाऊ’ हा शब्द पाठ असेल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथे सगळा खेळ एक-दोन थाऊंचा आहे, आणि साध्या कॅलिपरची चूकच एका थाऊची असते.

याशिवाय ग्रेनमध्ये मोजणारा तराजू आणि त्याची प्रमाणित वजनं, भिंग, चुंबक, मिनरल स्पिरिट, जुनं फडकं, अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि वही. हे ट्रे क्षुल्लक वाटतात, पण एकदा वेगळे केलेले ढीग कोपर लागून पुन्हा मिसळले की पूर्ण संध्याकाळ वाया जाते.

पायरी १ : डबा ओता आणि शिसं सोडून बाकीचं बाजूला काढा

डबा हळूहळू ओता. अशा डब्यांच्या तळाशी काय काय निघतं! जिवंत काडतूस, न फुटलेले प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पावडर पेटवणारी टिकली), लष्करी रायफलच्या टोकाला रंग लावलेल्या बुलेट. रंगीत टोकाच्या बुलेटमध्ये ट्रेसर (उडताना उजेडाची रेघ सोडणारा) किंवा पेटणारा मसाला असू शकतो. ती ना मोजायची, ना वितळवायची. बाजूला ठेवा आणि विल्हेवाटीसाठी स्थानिक पोलिसांना फोन करा.

उरलेल्यांवर चुंबक फिरवा. शिसं, तांबं, पितळ चिकटत नाही. जे चिकटलं त्यात पोलाद आहे, ते आपल्या कामाचं नाही.

आता फक्त डोळ्यांनी ढीग पाडा. टोकाचा आकार, खाचांची संख्या, बुडाचा आकार, रंग. शंका आली की वेगळा ढीग. दोन ढीग नंतर एकत्र करणं सोपं असतं, एकत्र झालेला ढीग वेगळा करणं कठीण.

ताळा : प्रत्येक ढिगात निदान दहा बुलेट आहेत का? ज्या जातीच्या दोन-तीनच सापडल्या, त्यांच्यावर वेळ घालवू नका. त्या सरळ वितळवायच्या डब्यात.

पायरी २ : वंगण काढा

प्रत्येक ढिगातल्या पाच बुलेट निवडा आणि मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून, पुसून पूर्ण स्वच्छ करा. वंगण खाचेत साचलेलं असतं. ते वजनात एक-दोन ग्रेनांची भर घालतं, आणि कडेवर पसरलं असेल तर व्यासही फुगवून दाखवतं.

पण पुसण्याआधी वंगणाकडे नीट बघा, तेही काही सांगतं. निळं किंवा लाल, मेणबत्तीसारखं टणक वंगण बहुधा कारखान्यातल्या विक्रीच्या बुलेटचं. तपकिरी, चिकट, मधमाशीच्या मेणाचा वास येणारं असेल तर ते कुणीतरी घरी हाताने ओतलेलं काम. सगळ्या अंगावर पिवळसर वार्निशसारखा पातळ थर असेल तर बुलेट द्रव वंगणात घोळवलेली आहे. रंगीत, चकचकीत, नखाने न निघणारा थर म्हणजे पावडर कोटिंग. ते स्पिरिटने जात नाही, आणि ते व्यास दोन-तीन थाऊंनी वाढवतं. अशा बुलेटचा व्यास लिहिताना बाजूला ‘कोटिंगसकट’ असं जरूर लिहा.

पायरी ३ : बूड बघा

बहुतेक लोक टोक बघून जात ठरवतात. माझा आग्रह असतो की आधी बूड बघा. बुलेट पालथी धरा, दिवा एका बाजूने पडू द्या आणि भिंगातून पाहा.

सपाट, कडेपर्यंत पूर्ण रुंद बूड म्हणजे साधं बूड. त्यावर मधोमध गोल ओरखडा असतो. साच्यात वरून ओतलेल्या शिशाचा उरलेला दांडा तिथे कापलेला असतो.

काठाला थोडा उतार असेल तर ते बेव्हल बूड. यंत्रावर भराभर ओतणाऱ्या व्यावसायिकांना ते सोयीचं पडतं. याचीच गल्लत गॅस चेकच्या बुडाशी होते. फरक असा : बेव्हल म्हणजे घसरगुंडी, गॅस चेकचं बूड म्हणजे पायरी. बुडाजवळ व्यास एकदम काटकोनात कमी होऊन छोटी मान तयार झाली असेल, तर तिथे तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, बसवायची असते. वाटी नसलेली अशी बुलेट जोरदार डेटाने झाडली तर गरम वायू त्या मानेभोवतीचं शिसं खातो आणि नळीत शिसं जमतं. माझ्या डब्यातली रायफलची बुलेट मला या पायरीवरूनच पहिल्यांदा संशयास्पद वाटली.

बुडात खोल वाटीसारखा खड्डा असेल तर ते पोकळ बूड. .३८ची १४८ ग्रेनची टार्गेट वॉडकटर (पूर्ण बोथट टोकाची बुलेट) आणि .४५५ वेब्लीची बुलेट अशी असते. मऊ शिशाचा पातळ घेर दाबाने फुगून नळीला घट्ट बसावा यासाठी ती रचना असते.

सावध : पोकळ बुडाची बुलेट फक्त सौम्य डेटासाठी आहे. जास्त दाबात घेर फाटून नळीतच अडकू शकतो आणि पुढची गोळी त्यावर आदळते.

खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्ट बारीक असेल आणि तो पुंगळीच्या आत, तर वरचा भाग पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाएवढा असेल, तर ती टाचेची बुलेट. जुन्या .३८ लाँग कोल्ट, .४१ कोल्टची ही तऱ्हा. आजच्या सामान्य डायमध्ये (काडतूस भरायच्या प्रेसच्या साच्यांत) तिचं काही करता येत नाही.

एक बारीक गोष्ट. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी वॉडकटर मिळते, तिला बूड-टोक असा भेद नसतो. तिच्यावर डोकं खाजवत बसू नका.

पायरी ४ : व्यास

आता मायक्रोमीटर. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बुलेटवर उभी बारीक रेघ दिसते. एक माप त्या रेघेवर घ्या, दुसरं तिच्यापासून काटकोनात. दोन्हीत दोन थाऊंपेक्षा जास्त फरक असेल तर साचा नीट बंद झाला नव्हता. ती बुलेट नको. रेघ अजिबात दिसत नसेल तर बुलेट ओतलेली नाही, दाबून घडवलेली आहे, आणि तिचं शिसं बहुधा फार मऊ असतं.

माप बुडाजवळच्या पट्ट्यावर (खाचांच्या मधल्या पूर्ण जाडीच्या भागावर) घ्या आणि टोकाजवळच्या पट्ट्यावरही घ्या. ते वेगळे येऊ शकतात. पट्टे चकचकीत घासलेले दिसले तर बुलेट सायझरमधून (दाबून ठरावीक व्यासावर आणणाऱ्या साधनातून) काढलेली आहे, म्हणजे तुमच्या हातातला व्यास साच्याचा नाही, सायझरचा आहे.

मग हे आकडे समोर ठेवा. सगळे इंचात, ओतीव बुलेटसाठी :

- ०.३१२ ते ०.३१४ : .३२च्या जाती
- ०.३५८ : .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम, पण .३५ रायफलसुद्धा
- ०.३६० ते ०.३६१ : .३८ एस अँड डब्ल्यू
- ०.४१० : .४१ मॅग्नम
- ०.४२७ : .४४-४०
- ०.४३० ते ०.४३२ : .४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नम
- ०.४५२ : आजची .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी
- ०.४५४ : जुन्या .४५ कोल्ट
- ०.४५७ ते ०.४५९ : .४५-७० रायफल

यादी पाठ करायची गरज नाही, पण त्यातले तीन सापळे लक्षात ठेवा. पहिला ‘.३८’ या नावाचा. .३८ स्पेशलला ०.३५८ आणि .३८ एस अँड डब्ल्यूला ०.३६१. नावात ३८ असून दोन्हींत तीन थाऊंचं अंतर. जाड बुलेट .३८ स्पेशलच्या पुंगळीत दाबली की पुंगळी फुगते, काडतूस चेंबरमध्ये अडतं आणि माणूस अंगठ्याने जोर लावतो. तो जोर लावायचा नाही. ब्रिटिशांच्या वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरच्या जुन्या काडतुसात २०० ग्रेनची शिशाची बुलेट असायची, आणि ती रिव्हॉल्व्हर बाळगणारे लोक अमेरिकेत आजही तशाच बुलेट ओततात. म्हणून ‘३८ हेवी’ लिहिलेल्या डब्यात ही जात वारंवार सापडते.

दुसरा सापळा .४४चा. ०.४२७ची बुलेट .४४ मॅग्नममध्ये सैल बसते, वायू बाजूने निसटतो आणि दहा-बारा गोळ्यांत नळीत शिशाचे पापुद्रे जमतात.

तिसरा .४५चा. .४५-७०ची ३०० ग्रेनची रायफल बुलेट हातात घेतली तर .४५ कोल्टच्या जड बुलेटसारखीच वाटते. सायझरमधून ०.४५८वरून ०.४५२वर आणू म्हणणारे भेटतात. सहा थाऊ दाबल्यावर खाचा चेपतात आणि बुलेट लांबते. ते करू नका.

ताळा : पाचही बुलेटचा व्यास एका थाऊच्या आत जुळतो का? नसेल तर ढिगात दोन जाती आहेत. पायरी १वर परत.

पायरी ५ : खाचा आणि लांबी

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, सावकाश वाचा.

बुलेटवर साधारण दोन तऱ्हांच्या खाचा असतात. वंगणाची खाच रुंद आणि खोल असते. क्रिम्पची खाच टोकाच्या बाजूला, बहुधा वरून तिरकी आणि खालून सरळ कापलेली असते. पुंगळीचं तोंड तिच्यात वळवतात, म्हणजे बुलेट जागेवरून हलत नाही. काही बुलेटना क्रिम्पच्या दोन खाचा असतात. ली कंपनीची .४४ची ३१० ग्रेनची बुलेट तशी आहे. एकाच डब्यातल्या काही काडतुसांना वरची आणि काहींना खालची खाच वापरली तर त्या काडतुसांचे दाब वेगळे होतात. रायफलच्या बुलेटला कधी क्रिम्पची खाच चुकीच्या जागी असते, कधी नसतेच.

आता तीन लांब्या मोजा. पूर्ण लांबी. बुडापासून क्रिम्पच्या खाचेपर्यंत. आणि खाचेपासून टोकापर्यंत, म्हणजे पहिल्या दोघींची वजाबाकी.

दुसरं माप दाब ठरवतं. बुलेटचा तेवढा भाग पुंगळीच्या आत जातो आणि पावडरची जागा खातो. समजा दोन २०० ग्रेनच्या बुलेट आहेत, एकीचा ०.४० इंच भाग आत जातो, दुसरीचा ०.५०. .३८ स्पेशलच्या पुंगळीत मावतं ते साधारण २३ ग्रेन पाणी. हिशेब केला तर दुसऱ्या बुलेटखाली उरलेली जागा पहिलीपेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने कमी होते. वजन एकच, पावडर एकच, जागा मात्र पाचातला एक वाटा कमी. झटपट जळणाऱ्या पिस्तूल पावडरला एवढी जागा कमी पडली की दाब मोठ्या प्रमाणात चढतो. मॅन्युअलमध्ये ‘२०० ग्रेन’ बघून डेटा उचलायचा नाही म्हणतो तो याचसाठी. डेटा त्या वजनाचा नसतो, त्या बुलेटचा असतो.

तिसरं माप काडतुसाची एकूण लांबी ठरवतं. पुंगळीची लांबी अधिक खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच आणि काडतुसाची कमाल लांबी १.५५०. .३५७ मॅग्नमची पुंगळी १.२९० आणि कमाल १.५९०. .४४ मॅग्नमची पुंगळी १.२८५ आणि कमाल १.६१०. .४५ कोल्टची पुंगळीही १.२८५, कमाल १.६००. जड बुलेटचं वजन कुठेतरी जायला हवं : एक तर ती आत खोल जाते, नाहीतर पुढे लांब निघते. लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीची नावाजलेली ३५८४२९ ही बुलेट .३५७च्या पुंगळीत क्रिम्पच्या खाचेत बसवली की स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल २७ या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरबाहेर (काडतुसांच्या फिरत्या चक्रीबाहेर) डोकं काढते. जुने लोक ती .३८ स्पेशलच्या पुंगळीत भरत ते त्यामुळेच.

सावध : लांब होतंय म्हणून बुलेट खाचेच्या पलीकडे आत दाबायची, हा उपाय नाही. वर केलेला जागेचा हिशेब पुन्हा बघा.

पायरी ६ : टोक

इथे थोडक्यात आटपू. गोल टोक, सपाट केलेलं गोल टोक, खांदा असलेली सेमी-वॉडकटर, आणि पूर्ण बोथट वॉडकटर. सेमी-वॉडकटरमध्ये एल्मर कीथ या अमेरिकन बंदूक-लेखकाच्या रचनेची बुलेट ओळखता आली पाहिजे : सारख्या रुंदीचे तीन पट्टे, सगळ्यात पुढचा पट्टाही पूर्ण व्यासाचा, साधं बूड, वंगणाची एकच रुंद खाच. तिचाच आभास देणाऱ्या पण गॅस चेकच्या बुडाच्या रचना वेगळ्या. बुलेटच्या रचना करणाऱ्या रे थॉम्पसनची ३५८१५६ ही तशी, आणि तिला क्रिम्पच्या दोन खाचा आहेत. टोकाच्या सपाट भागाचा व्यासही मोजून लिहा. साच्याशी जुळवताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

पायरी ७ : शिसं किती कठीण

शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापावर सुमारे ५. वीस भाग शिशाला एक भाग कथील घातलं की १०च्या आसपास. लायमन नंबर २ या मिश्रधातूत ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी, कठीणता १५. छापखान्यातलं जुनं लायनोटाइप २२.

नखाने सहज ओरखडा उठला तर शिसं मऊ. टेबलावर टाकल्यावर ठण् असा आवाज आला तर कठीण, मुका आवाज आला तर मऊ. एवढ्यावर न थांबता तुलना करा. शुद्ध शिशाची एक आणि माहितीच्या मिश्रणाची एक बुलेट नमुना म्हणून जवळ ठेवा. चित्रकलेच्या पेन्सिलींचा संच घ्या, पेन्सिलीचं टोक सपाट घासा आणि तिरकं धरून तिन्ही बुलेटवर ढकला. कोणत्या नंबरची पेन्सिल चरा पाडते ते लिहा. अनोळखी बुलेट कोणत्या नमुन्याच्या जवळ आहे ते लगेच कळतं. ज्यांच्याकडे ली कंपनीचं कठीणता मोजायचं किट आहे त्यांनी दाब पूर्ण तीस सेकंद धरायचा. घाईने वीसला सोडला की आकडा खोटा येतो.

‘जितकी कठीण तितकी चांगली’ हा गैरसमज आहे. सैल बसणारी कठीण बुलेट दाबाने फुगत नाही, फटीतून वायू जातो आणि नळीत शिसं जमतं. आधी माप, मग कठीणता.

पायरी ८ : आता वजन

तराजू सपाट ठेवा, पंखा आणि एसीचा झोत बंद, इलेक्ट्रॉनिक असेल तर थोडा वेळ चालू ठेवून मग प्रमाणित वजनाने तपासा. ग्रॅम आणि ग्रेन यांचं बटण दोनदा बघा. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन.

एकच साचा वेगवेगळ्या धातूंत वेगळं वजन देतो. नंबर २ मिश्रणात २०० ग्रेनची बुलेट शुद्ध शिशात घनतेच्या हिशेबाने २१२च्या आसपास आणि लायनोटाइपमध्ये १९२च्या आसपास भरते. म्हणजे साच्यावर छापलेल्या आकड्यापासून दहा-बारा ग्रेन इकडे-तिकडे आलं तर गोंधळू नका, पायरी ७चा आकडा समोर ठेवून वाचा. उलट एकाच ढिगातल्या बुलेटमध्येच सहा-आठ ग्रेनांचा फरक असेल तर आत हवेचे बुडबुडे असू शकतात, किंवा दोन धातू मिसळलेत. गॅस चेक लावलेला असेल तर त्याचे दोन-चार ग्रेन वेगळे धरा.

पायरी ९ : साच्याचं नाव लावा

वहीत आता बूड, व्यास, तीन लांब्या, खाचा, टोक, कठीणता, वजन असं सगळं आहे. हे घेऊन साचे बनवणाऱ्यांच्या चित्रांसहित यादीत शोधायचं. नंबर वाचायची किल्ली अशी : लायमनच्या सहा आकड्यांतले पहिले तीन व्यास सांगतात, पुढचे तीन रचनेचा क्रमांक. ४२९४२१ म्हणजे ०.४२९ आणि ४२१ क्रमांकाची रचना. ४२१ हे वजन नव्हे; ती बुलेट २५० ग्रेनच्या घरातली आहे. आरसीबीएसवाले कॅलिबर, वजन, आकार या क्रमाने लिहितात : ४४-२५०-के. ‘३५-२००-एफएन’ दिसलं तर ती .३५ रायफलची सपाट टोकाची, गॅस चेकची बुलेट. ली कंपनीच्या नावात सुरुवातीला ‘सी’ असेल तर गॅस चेक, ‘टीएल’ असेल तर द्रव वंगणात घोळवायची.

सात नोंदींपैकी निदान बूड, व्यास, खाचेपासूनची दोन्ही अंतरं आणि टोक जुळलं पाहिजे. वजन जुळून खाचेचं अंतर जुळत नसेल तर ती ती बुलेट नाही. इथे मन मोडतं, दिसायला अगदी तीच वाटते. तरीही नाही म्हणा.

पायरी १० : तुमच्या रिव्हॉल्व्हरशी ताळा

रिव्हॉल्व्हर रिकामं करा, सहाही चेंबर बोट घालून तपासा, खोलीत जिवंत काडतूस ठेवू नका. सिलिंडर काढून बुलेट पुढच्या बाजूने चेंबरच्या तोंडात घाला. बोटाच्या किंवा पेन्सिलीच्या हलक्या रेट्याने ती पार जायला हवी. आपोआप गळून पडली तर बारीक, अडली तर जाड. सहाही चेंबरमध्ये बघा, सगळे सारखे नसतात.

नळीचं माप घ्यायचं तर शुद्ध शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून पार करून मोजावा. स्मिथ अँड वेसनच्या नळीत आतून पाच पिळदार खाचा असतात, त्यांनीच बुलेटला फिरकी मिळते. विषम संख्येमुळे साध्या मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत समोरासमोरच्या खाचा येत नाहीत आणि माप कमी दिसतं. त्याला व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो.

मग डमी काडतूस बनवा. पावडर नाही, प्रायमर नाही, प्रायमरची जागा उघडी. ठरलेल्या खाचेत क्रिम्प करा. सिलिंडरमध्ये घालून फिरवा. टोक बाहेर येतंय? पुंगळी फुगल्यामुळे अडतंय? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच मॅन्युअल उघडा, आणि त्यात हीच बुलेट असेल तरच डेटा घ्या, सुरुवातीच्या आकड्यापासून.

पुढे रेंजवर दोन गोष्टी बघायच्या. पाच गोळ्या झाडून सहावं काडतूस काढा आणि मोजा. जड बुलेटचा धक्का मोठा असतो, रिव्हॉल्व्हर मागे येतं आणि बुलेट जडत्वाने जागीच राहू बघते, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकते. लांबी वाढली असेल तर क्रिम्प अपुरा, आणि असंच चाललं तर सिलिंडर अडतं. दुसरं म्हणजे लक्ष्यावरची भोकं. गोल असायला हवीत. लांबट, किल्लीच्या भोकासारखी दिसली तर बुलेट आडवी होऊन जातेय. स्मिथ अँड वेसनच्या .३८/.३५७च्या नळीत पीळ १८.७५ इंचाला एक असतो. लांब रायफल बुलेट रिव्हॉल्व्हरच्या वेगात तेवढ्या पिळावर स्थिर राहीलच असं नाही.

ओळख पटली नाही तर

वितळवा. उघड्यावर, कोरड्या हवेत, चेहऱ्यावर ढाल आणि जाड हातमोजे घालून. डब्यातल्या बुलेट आधी पूर्ण वाळवून घ्या, कारण तापलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर वाफ होऊन शिसं उसळतं. धातू तुमच्या हाती राहतोच, आणि पुढच्या वेळी तुमच्याच साच्यातून, माहितीच्या आकाराची बुलेट निघते. दोन पौंड शिशाच्या मोहात हात आणि डोळे पणाला लावणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे जरा कळकळीने सांगतो.

डब्यावर काय लिहायचं

माझ्या त्या कॉफीच्या डब्याचे आता दोन डबे झालेत. पहिल्यावरची पट्टी अशी : ‘०.३५८, साधं बूड, गोल टोक, लायनोटाइपपेक्षा मऊ, वंगण काढून सरासरी १९८ ग्रेन, .३८ स्पेशलच्या खाचेत डमी तपासली’, खाली खाचेपासूनची दोन अंतरं आणि तारीख. दुसऱ्यावर : ‘०.३६१, फक्त .३८ एस अँड डब्ल्यू’, तेही लाल शाईने. तिसरी जात, रायफलची, .३५ रेमिंग्टन बाळगणाऱ्या क्लबातल्या एका मित्राला दिली, मोजमापाच्या कागदासकट. त्याने घरी जाऊन सगळं पुन्हा स्वतः मोजलं.